इंचांचा हिशेब आणि हरवलेले मासे

घरगुती मत्स्यालयावरच्या पुस्तिकांत एक नियम हमखास भेटतो: गॅलनभर पाण्याला एक इंच मासा. नियम सोपा आहे, पण आमच्या मते फसवा. लांबी दसपट झाली की वजन सुमारे हजारपट होते. मग दहा इंची ऑस्कर आणि इंच-इंच लांबीचे दहा निऑन टेट्रा यांचा भार सारखा कसा? (ऑस्कर त्या दहांना गिळेल, ते वेगळेच!) माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया सतत बाहेर पडतो. गर्दीत तो साचतो, कारण त्याचे नायट्रेट करणारे जीवाणू गाळणीत पुरेसे नसतात. दुबळा मासा मरतो, उरलेले मासे आणि गोगलगायी रातोरात त्याचा फन्ना उडवतात. सकाळी मोजणी कमी भरते. आळ मांजरावर येतो. पुस्तिकेच्या पुढच्या आवृत्तीत इंचांऐवजी अमोनिया मोजायला शिकवावे.