‘राजा हरिश्चंद्र’ आणि ‘अयोध्येचा राजा’ : मूकपटाच्या प्रतीचा प्रश्न

(१)

जुन्या ग्रंथाचें संशोधन करतांना ‘हा ग्रंथ कोणाचा’ हा प्रश्न दुसरा. ‘आपल्या हातीं आहे ती प्रत कोणती’ हा पहिला. हें तत्त्व या त्रैमासिकाच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. पोथी हातीं येतांच आपण प्रथम शेवटचें पान उलटतों, लेखनकाल पाहतों, कागद उजेडावर धरतों, आणि मगच आंतील मजकुराकडे वळतों. परंतु जें साधन शंभर वर्षांहून जुनें झालें असून ज्याच्या बहुतेक प्रती नष्ट झाल्या आहेत, अशा एका साधनाच्या बाबतींत ही शिस्त आपण अद्याप लाविलेली नाहीं. तें साधन म्हणजे मूकपटाची फीत.

प्रस्तुत लेखक मुरुड येथें (दापोली तालुका, रत्नागिरी जिल्हा, जंजिऱ्याचें मुरुड तें निराळें) राहतो. समुद्र हांकेच्या अंतरावर. पावसाळा संपल्यावर रुमाल सोडून पोथ्यांस ऊन दाखवावें, कसर लागली असल्यास ती झाडावी, हा येथील जुन्या घरांचा परिपाठ. खाऱ्या दमट हवेंत कागद कसा मरतो हें ज्यानें पाहिलें आहे, त्यास फितीचें मरण समजावयास कठीण जात नाहीं. मूकपटांच्या काळच्या नायट्रेटच्या फितीवरील चित्र दमट उष्ण हवेंत प्रथम पुसट होत जातें, मग ती चिकट होते, आणि अखेर तिची भुकटी होते. ठिणगी पडली तर ती क्षणांत पेट घेते. भारतांत सुमारें तेराशे मूकपट झाले असे मानतात. त्यांपैकीं पूर्ण वा खंडित स्वरूपांत उरलेले दोन-तीन डझनांपलीकडे नाहींत. कोणत्याहि वाङ्मयप्रकाराची इतकी हानि इतक्या थोड्या काळांत झाल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

या उरलेल्यांपैकीं सर्वांत प्रसिद्ध अशा एका खंडित प्रतीचा विचार येथें कर्तव्य आहे.

(२)

धुंडिराज गोविंद फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट ता. ३ मे १९१३ (शके १८३५) रोजीं मुंबईंत कॉरोनेशन थिएटरांत लोकांपुढें आला. त्याआधीं ता. २१ एप्रिल रोजीं ऑलिंपिया थिएटरांत निमंत्रितांकरितां तो दाखविण्यांत आला होता. लांबी सुमारें ३,७०० फूट, रिळें चार. दत्तात्रय दामोदर दाबके हे हरिश्चंद्र, अण्णा साळुंके हे तारामती, फाळके यांचे चिरंजीव भालचंद्र हे रोहिदास, आणि यंत्रावर त्र्यंबक तेलंग. इतकें सर्वमान्य आहे.

पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे (स्थापना १९६४) या नांवाचें जें चित्र जतन झालें, तें मात्र चार रिळांचें नाहीं. आरंभ आणि शेवट एवढेंच त्यांत आहे. मधला भाग नाहीं. येथेंच वादास सुरुवात होते. पहिली प्रत पुढें आगीत नष्ट झाली व फाळके यांनीं १९१७ च्या सुमारास तेंच कथानक पुन्हां चित्रित केलें, असें सांगितलें जातें. उपलब्ध रिळें या दुसऱ्या चित्राचीं असावींत असें कांहीं अभ्यासकांचें मत आहे. कांहीं तीं १९१३ चींच मानतात. असें असतां, जेथें जेथें हें चित्र दाखविलें जातें तेथें बहुधा ‘१९१३ चा पहिला भारतीय चित्रपट’ एवढेंच नि:शंकपणें सांगण्यांत येतें.

यावर एक आक्षेप नेहमीं येतो. कर्ता एक, कथा एक, आणि दुसरें चित्र बहुतेक पहिल्यावरहुकूम घेतलेलें. मग भेद कशाला काढावा? आमचें उत्तर सोपें आहे. एकनाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरी शुद्ध केली. त्या प्रतीचें मोल कोणी कमी मानीत नाहीं. परंतु तिला ज्ञानेश्वरांच्या हातची प्रतहि कोणी म्हणत नाहीं. कर्त्यानें स्वत: केलेली दुसरी प्रत तर विशेषच महत्त्वाची, कारण पहिल्या व दुसऱ्या प्रतीमध्यें कर्ता काय शिकला हें तीवरून कळण्याचा संभव असतो. १९१३ चे फाळके आपली कला नुकतीच आरंभीत होते. १९१७ सालीं ‘लंकादहन’ करणारे फाळके मुरलेले होते. उपलब्ध रिळांतील एखादी सफाई पहिल्या प्रयत्नाची कीं चार वर्षांच्या अनुभवाची, हें ठरल्याविना त्यांवर केलेली टीका अधांतरीं राहते.

निर्णयाचीं साधनें आपल्या ओळखीचींच आहेत. जाहिरातींतील लांबी व उपलब्ध लांबी ताडून पाहणें. नटवर्गाचे चेहरे इतर चित्रांतील चेहऱ्यांशीं मिळविणें. पाट्यांवरील अक्षराचें वळण व कंपनीचें नांव तपासणें. आणि सर्वांत मुख्य म्हणजे कच्च्या फितीच्या कडेवर कारखान्यानें उमटविलेल्या खुणा वाचणें. विलायती कागदांतील जलचिन्हावरून आपण जसा लेखाचा काल अनुमानितों, तसाच या खुणांचा उपयोग. परंतु ही परीक्षा मूळ फितीवरच पुरी विश्वसनीय. नकलेंत त्या खुणा उतरतीलच असें नाहीं, आणि उतरल्या तरी नकलेच्या फितीच्या खुणांशीं त्यांची गल्लत होते. जानेवारी २००३ मध्यें पुण्यांत लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फितींचा मोठा सांठा जळाला. ‘नकला उतरून घेतल्या होत्या’ असें समाधान तेव्हां व्यक्त झालें. मजकूर वांचला हें खरें. परंतु कागद जळून नक्कल उरली म्हणजे काय गमावलें जातें, हें हस्तलिखितें जमविणाऱ्यांस सांगणें नको.

(३)

आतां चित्राकडे वळूं. प्रत कोणतीहि असो, ती फाळके यांच्या हातची आहे, आणि तिचा गुणदोषविचार करणें शक्य आहे.

आरंभीं राजा आपल्या पुत्रास धनुर्विद्या शिकवीत आहे. राणी जवळ आहे. या मांडणीवर राजा रविवर्म्याच्या चित्रांची छाया स्पष्ट दिसते. मग मृगया, अरण्य, आणि विश्वामित्राच्या आश्रमांत ज्वालांमध्यें सांपडलेल्या तीन स्त्रीरूप शक्ति. राजा त्यांचा आक्रोश ऐकून मध्यें पडतो, आणि ऋषीच्या कोपास पात्र होतो. येथें एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. स्वप्नांत राज्य दान दिल्याची जी कथा लोकांत रूढ आहे, ती फाळके यांनीं न घेतां मार्कंडेय पुराणाशीं जुळणारा ओघ घेतला. स्वप्नापेक्षां अग्नीच्या ज्वाला डोळ्यांस अधिक कळतात, आणि मुक्या चित्रास डोळ्यांवांचून दुसरा आधार नाहीं. कथेच्या दोन पाठांतून एकाची निवड कर्त्यानें माध्यमाकडे पाहून केली असावी असें आम्हांस वाटतें.

मात्र हरिश्चंद्राच्या कथेचा प्राण अग्नि नव्हे, शब्द आहे. ऐतरेय ब्राह्मणांतील हरिश्चंद्र वरुणास पुत्र देण्याचें वचन देऊन तें वारंवार पुढें ढकलतो. पुराणांतील हरिश्चंद्र दिलेल्या एका शब्दासाठीं राज्य, स्त्री, पुत्र व स्वत:स विकतो. दोन्हीकडे सर्व कांहीं उच्चारलेल्या वचनावर अवलंबून आहे. तेव्हां आपल्या देशांत या कलेचा पाया घालणाऱ्यानें, जिला वाचा नाहीं अशा कलेसाठीं, वाचेचीच कथा निवडावी हें आश्चर्य आहे. वचन देण्याचा क्षण पडद्यावर हात उचललेला, ओठ हललेले, आणि मग मजकुराची पाटी, एवढ्यावर भागवावा लागतो. पाटी येतांच चित्र थांबतें; चित्र चालूं लागतांच शब्द थांबतो. हा दोष फाळके यांचा नव्हे; परंतु त्यावर मात करण्याचा प्रयत्नहि उपलब्ध भागांत दिसत नाहीं. नट नाटकी हावभावांनीं शब्दाची भरपाई करूं पाहतात, आणि तेथेंच चित्र सर्वांत दुबळें होतें. उलट जेथें बोलण्याचें कारणच नाहीं, जसें अरण्य व मृगया, तेथें तें मोकळा श्वास घेतें.

मूकपट पाहतांना प्रेक्षागृह मात्र मुकें नसे, हेंहि ध्यानीं ठेविलें पाहिजे. पेटी व तबला पडद्याजवळ असत, आणि ज्यांस वाचतां येत नसे त्यांच्यासाठीं कोणी तरी पाट्या मोठ्यानें वाची. ती संगत कोठेंच नोंदलेली नाहीं. म्हणजे उपलब्ध रिळें हीं त्या प्रयोगाची निम्मी प्रत. उरलेली निम्मी हवेंत विरून गेली.

(४)

ता. १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईस मॅजेस्टिक थिएटरांत अर्देशीर इराणी यांचा ‘आलम आरा’ लागला आणि पडदा बोलूं लागला. पुढील वर्षीं, फेब्रुवारी १९३२ (शके १८५३) मध्यें, कोल्हापूरच्या प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ आला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, हरिश्चंद्र गोविंदराव टेंबे, तारामती दुर्गाबाई खोटे, ध्वनिलेखन विष्णुपंत दामले यांचें. मराठी बोलपटाचाहि आरंभ त्याच राजानें झाला, हा योगायोग असला तरी तुलनेस मोठा सोयीचा आहे.

येथें वचनास वाचा आली. राजा बोलतो तें आपण ऐकतों, आणि बोलून मागें फिरतां येत नाहीं हें कानावाटे पटतें. काशीच्या बाजारांतील विक्रीच्या प्रसंगांत हा फरक विशेष जाणवतो: मूकपटांत विक्री दिसली असती, बोलपटांत बोली ऐकूं येते. टेंबे हे ‘मानापमाना’च्या चाली बांधणारे संगीतकार, त्यांच्या पदांनीं चित्रास भारदस्तपणा आला. परंतु त्याची किंमतहि द्यावी लागली. त्या काळीं गाणें मागाहून भरण्याची सोय नव्हती. नटानें गावें, वादकांनीं चौकटीबाहेर बसून वाजवावें, आणि यंत्रानें त्याच वेळीं सर्व टिपावें. त्यामुळें चित्र ध्वनिग्राहकाभोंवतीं जखडलें गेलें. ज्या संगीत नाटकाच्या मंडपांतून मूकपटानें प्रेक्षकास अरण्यांत नेलें होतें, त्या मंडपांत बोलपटानें त्यास कांहीं काळ परत आणून बसविलें. फत्तेलालांचे भव्य देखावे हें लपवूं पाहतात. पुरतें लपत नाहीं.

आणखी एक फरक. पाट्या बदलल्या कीं मूकपट कोणत्याहि प्रांतीं चाले. बोलपटाची मराठी व हिंदी अशीं दोन चित्रें वेगळीं घ्यावीं लागलीं. म्हणजे प्रतीचा प्रश्न येथें संपला नाहीं, उलट दुणावला. दोन्ही पाठ कर्त्याचेच; त्यांतील अंतर कोणी ओळीनें ताडून मांडलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं.

तारामतीविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून हा भाग पुरा होत नाहीं. १९१३ सालीं फाळके यांस या भूमिकेसाठीं स्त्री मिळाली नाहीं, म्हणून पुरुषानें ती केली. तेच साळुंके पुढें ‘लंकादहना’त राम व सीता दोन्ही झाले. १९३२ सालीं तीच भूमिका प्रतिष्ठित घराण्यांतील, महाविद्यालयांत शिकलेल्या स्त्रीनें केली. मधलीं वर्षें एकोणीस. ज्या मुरुडास धोंडो केशव कर्वे यांस १८९३ सालीं विधवाविवाह केल्याबद्दल बहिष्कार सोसावा लागला, आणि ज्यांनीं पुढें १९१६ सालीं स्त्रियांचें विद्यापीठ काढलें, त्यांच्या गांवीं बसून हें लिहितांना त्या एकोणीस वर्षांचें मोल अधिक जाणवतें. दुर्गाबाईंच्या तारामतीस आवाज आहे तो केवळ यंत्रामुळें नव्हे.

(५)

स्वत: फाळके यांची वाचा मात्र फार उशीरां फुटली. ‘सेतुबंधन’ त्यांनीं मूकपट म्हणून केला व त्यावर मागाहून ध्वनि चढविण्यांत आला. मुळांत बोलपट म्हणून केलेलें त्यांचें चित्र एकच, कोल्हापूर सिनेटोनचें ‘गंगावतरण’ (१९३७). ता. १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं ते नाशिक येथें वारले. आणि ध्वनि आला म्हणून चित्र टिकलें असेंहि नाहीं: ‘आलम आरा’ची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. आपला पहिला बोलपट मुका झाला आहे, आणि त्याहून अठरा वर्षांनीं जुन्या मूकपटाचे, किंवा त्याच्या दुसऱ्या प्रतीचे, दोन तुकडे तरी हातीं आहेत.

म्हणून आमचें म्हणणें दोन कलमांत संपतें. पहिलें : उपलब्ध रिळांचा उल्लेख ‘राजा हरिश्चंद्र, फाळकेकृत, खंडित; लेखनकाल वादग्रस्त, १९१३ किंवा १९१७ चा सुमार’ असा व्हावा. यांत फाळके यांचा मान तिळभर कमी होत नाहीं. दुसरें : फिती गेल्या तरी त्यांभोंवतालचा कागद अजून घरोघर पडून असणें शक्य आहे. जाहिरातीचीं हस्तपत्रकें, बोलपटांच्या पदांचीं पुस्तकें, थिएटरांचे हिशेब, कोणाच्या रोजनिशींतील ‘आज सिनेमा पाहिला’ एवढीच ओळ, हीं सर्व साधनें आहेत. पोथी जुनी म्हणून आपण ती जपतों आणि तिच्याच रुमालांत गुंडाळलेलें छापील हस्तपत्रक रद्दी म्हणून फेंकून देतों. त्या पत्रकावर रिळांची संख्या, नटांचीं नांवें व तारीख असूं शकेल. आणि वरील वादाचा निर्णय तेवढ्यानेंच लागेल.

पुढील पावसाळ्यानंतर रुमाल सोडाल तेव्हां तेवढें पाहून ठेवावें, व कांहीं आढळल्यास त्याची हुबेहूब नक्कल मंडळाकडे पाठवावी, ही विनंती.