मक्याची भजी तळणारी आई

हिरोकाझू कोरे-एदाचं नाव निघालं की 'हळुवार', 'उबदार' हे शब्द मागोमाग येतात. २०१८मध्ये 'शॉपलिफ्टर्स'ला कान महोत्सवात पाम दोर मिळालं, तेव्हापासून तर जास्तच. त्याचा २००८ सालचा 'स्टिल वॉकिंग' या शब्दांखाली अगदी गुदमरतो. तो उबदार आहे हे खरंच. पण तो क्रूरही आहे, आणि दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या हातून होतात.

गोष्ट सांगायला फारशी नाही. समुद्राजवळच्या एका गावात निवृत्त डॉक्टर क्योहेई आणि त्याची बायको तोशिको राहतात. थोरला मुलगा जुनपेई एका अनोळखी पोराला बुडताना वाचवायला गेला आणि स्वतः गेला. दरवर्षी त्याच्या स्मृतिदिनाला घरचे जमतात. धाकटा ऱ्योता या वेळी नवी बायको युकारी आणि तिच्या पहिल्या नवऱ्यापासूनच्या मुलाला, आत्सुशीला, घेऊन आलाय. बहीण चिनामीही नवरा-मुलांसह आलीय. एक दिवस, एक रात्र, आणि दुसऱ्या दिवशी परतीची बस. बास.

सिनेमा सुरू होतो तो स्वयंपाकघरात. मुळा किसला जातोय, गाजरं सोलली जाताहेत, मायलेकींच्या गप्पा चालल्यात. मग मक्याचे दाणे अंगठ्याने सोडवून त्यांचे टेम्पुरा तळले जातात. आपली भजीच म्हणा. तेलात दाणे तडतडतात तसे सगळे भोवती गोळा होतात आणि मक्याचा जुना किस्सा निघतो. लहानपणी एक पोरगा काहीतरी गमतीचं बोलला होता. आई ते वाक्य जुनपेईच्या नावावर सांगते. बोलला होता ऱ्योता. मेलेल्या भावाने घरातली जागा अडवलीय ती अशी, साध्या विनोदासकट.

आणि याच गरम भज्यांच्या घरात तोशिको युकारीबद्दल म्हणते की विधवेपेक्षा घटस्फोटित बरी, तिने निदान नवरा नकोसा होऊन सोडलेला असतो. बोलते ती सहज, भाजी निवडता निवडता बोलावं तशी. किरिन किकीने ही आई उभी केलीय आणि कुठेही आवाज चढवलेला नाही. किकी मूळची टीव्हीवरच्या विनोदी भूमिकांमधली. १९७४च्या 'तेराउची कान्तारो इक्का' या मालिकेत ती तिशीत असतानाच घरातली म्हातारी झाली होती. टायमिंग तिथलंच. फक्त इथे हसू आल्यावर अर्ध्या सेकंदाने आपल्याला कळतं की कुणाला तरी लागलंय.

सिनेमातला सगळ्यात भयंकर प्रसंग रात्री येतो. जुनपेईने वाचवलेला तो पोरगा आता मोठा, जाडजूड झालाय. दरवर्षी त्याला बोलावणं जातं. तो घामाघूम होऊन येतो, माफी मागतो, आभार मानतो, उठताना पाय बधिर होऊन धडपडतो. तो गेल्यावर बाप चिडतो, असल्या माणसापायी आपला मुलगा गेला म्हणून. हे अपेक्षितच. पण रात्री ऱ्योता आईला सुचवतो की पुरे आता, नका बोलावू त्याला, बिचाऱ्याला त्रास होतो. तोशिको सुईने लेस विणत बसलेली असते. हात न थांबवता ती सांगते की म्हणूनच तर बोलावते. द्वेष करायलाही कुणी नसलं तर आईने काय करायचं? वर्षातून एक दिवस त्यालाही सोसू दे.

इथे कोरे-एदा संगीत वाजवत नाही, आणि तोशिकोला रडायलाही लावत नाही. तो आला टीव्ही माहितीपटांमधून, आणि छायाचित्रकार युताका यामाझाकीही माहितीपटांवर तयार झालेला. म्हणूनच की काय, कॅमेरा बाजू न घेता बसून राहतो. थोड्या वेळाने तीच आई घरात शिरलेल्या पिवळ्या फुलपाखरामागे 'जुनपेई आला' म्हणत वेड्यासारखी धावते. मघाशी जिची भीती वाटली तिचीच आता कणव येते, आणि मघाची भीतीही जात नाही.

कोरे-एदाने ही पटकथा स्वतःची आई गेल्यानंतर लिहिली. तरी सिनेमात हॉस्पिटल नाही, मरणशय्या नाही. आई धडधाकट आहे, खमकी आहे, टोमणे मारतेय. लोक त्याची तुलना ओझूशी करतात. 'टोकियो स्टोरी'त म्हातारे मुलांकडे जातात, इथे मुलं म्हाताऱ्यांकडे येतात, एवढं पुरेसं असतं तुलनेला. स्वतः कोरे-एदा म्हणत आलाय की तो मिकिओ नारुसेला जवळचा आहे. मला ते पटतं. नारुसेच्या घरांतही माणसं एकमेकांना क्षमा करत नाहीत, नुसती एकत्र जेवतात.

नवराही सुटत नाही. सिनेमाचं जपानी नाव आलंय ते आयुमी इशिदाच्या 'ब्लू लाइट योकोहामा' या गाण्यातून. तोशिको ती जुनी रेकॉर्ड लावते. क्योहेई, म्हणजे योशिओ हारादा, अस्वस्थ होतो. कधीकाळी दुसऱ्या बाईच्या घरातून त्याच्या आवाजात हे गाणं तिला ऐकू आलं होतं. पाठीवर लहानगा ऱ्योता होता. ती दार न वाजवता परत फिरली आणि रेकॉर्ड विकत घेतली. इतकी वर्षं जपून ठेवली!

हिरोशी आबेचा ऱ्योता परतीच्या बसमध्ये एका सुमो पैलवानाचं नाव आठवतो, जे काल आईला आठवत नव्हतं. नेहमी थोडा उशीरच होतो आपल्याला, म्हणतो. आणि लगेच, आता नववर्षाला यायला नको. इकडे म्हातारा-म्हातारी पायऱ्या चढत घरी निघालेत आणि क्योहेई म्हणतोय, आता नववर्षालाच येतील.

यानंतरचं निवेदन, आईवडील कधी गेले आणि कोणती वचनं राहिली, ते माझ्या मते नसतं तरी चाललं असतं. बसने आणि पायऱ्यांनी सांगून झालेलंच होतं. पण त्यापुढचा कबरीवरचा प्रसंग मात्र हवाच. ऱ्योताला आता छोटी मुलगी आहे. पिवळं फुलपाखरू दिसतं, आणि आईने त्याला सांगितलेली फुलपाखराची गोष्ट तो जशीच्या तशी तिला सांगायला लागतो. मग सगळे त्याच्या गाडीत बसतात. आईला एकदा या गाडीतून फिरवायचं राहूनच गेलेलं असतं.