अंधार, मशाल आणि सत्तर राक्षस

'माइनक्राफ्ट' या संगणक-खेळाचे नाव पुष्कळ शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या तोंडून ऐकले असेल. स्वीडनमधील मार्कस पर्सन यांनी तो २००९ साली लोकांपुढे ठेवला, नोव्हेंबर २०११ मध्ये त्याची पूर्ण आवृत्ती आली, आणि २०१४ साली मायक्रोसॉफ्टने तो बनवणारी मोजांग ही कंपनी विकत घेतली. २०१६ पासून शाळांसाठी त्याची वेगळी आवृत्तीही निघते. शाळेच्या दारातून आत आलेल्या कोणत्याही साधनाची तपासणी व्हायला हवी. आम्ही येथे संपूर्ण खेळाची नव्हे, तर त्यातल्या एकाच गोष्टीची तपासणी करणार आहोत: या जगात राक्षस येतात कोठून?

खेळाचे जग घनाकृती ठोकळ्यांचे आहे. माती, दगड, लाकूड यांचे ठोकळे खणायचे, रचायचे आणि घर बांधायचे. दिवस-रात्रीचे चक्र वीस मिनिटांचे. अंधार पडला की झॉम्बी, सांगाडे, कोळी आणि फटाक्यासारखे फुटणारे हिरवे क्रीपर हिंडू लागतात. त्यांच्या अवतरण्याला खेळाडू 'स्पॉनिंग' म्हणतात. मुळात इंग्रजीत हा शब्द मासे आणि बेडूक पाण्यात सोडतात त्या अंड्यांच्या पुंजक्यांसाठी आहे. म्हणजे शब्द आईबापांची आठवण करून देणारा. खेळातल्या राक्षसांना मात्र आईबाप नाहीत. हा विरोधाभास लक्षात ठेवू; त्याच्याकडे पुढे येऊच.

आधी नियम पाहू. (हे आकडे 'जावा' नावाच्या आवृत्तीतले आणि एकच खेळाडू खेळत असतानाचे आहेत.) खेळाचे घड्याळ सेकंदाला २० ठोके देते. जमीन १६ × १६ ठोकळ्यांच्या खंडांत विभागलेली असते. दर ठोक्याला खेळाडूभोवतीच्या प्रत्येक खंडात संगणक यदृच्छेने, म्हणजे फासे टाकल्याप्रमाणे, एक जागा निवडतो आणि काही प्रश्न विचारतो. पायाखाली भरीव ठोकळा आहे का? वर अंग मावेल एवढी मोकळी जागा आहे का? पुरेसा अंधार आहे का? खेळाडू २४ ठोकळ्यांपेक्षा जवळ तर नाही ना? आणि परिसरातल्या राक्षसांची एकूण संख्या सुमारे ७० या मर्यादेच्या आत आहे ना? सर्व उत्तरे अनुकूल आली तर तेथे राक्षस उभा राहतो. खेळाडूपासून १२८ ठोकळ्यांहून दूर गेलेला राक्षस तत्काळ नाहीसा होतो.

या रचनेतला पहिला गुण मोकळेपणाने मान्य करायला हवा. येथे भीतीला नियम आहे. राक्षस खेळाडूवर रागावून येत नाही, कोणाच्या पापामुळे येत नाही, मंत्राने टळत नाही. खोलीत मशाल लावली की त्या उजेडात तो उपजत नाही. आणि ती मशाल किती जागा सुरक्षित करते हे गणिताने सांगता येते. खेळात उजेड ० ते १५ अशा पायऱ्यांनी मोजतात. मशालीच्या जागी तो १४ असतो आणि एकेका ठोकळ्यागणिक एकाने कमी होतो. अंतर मात्र तिरपे मोजायचे नाही. चौकटीच्या कागदावर आडव्या आणि उभ्या पावलांनी मोजायचे. सपाट जमिनीवर मशालीपासून n पावलांच्या आत येणाऱ्या चौकटी २n² + २n + १ इतक्या भरतात. त्यांचा आकार वर्तुळाचा नसून पत्त्यांतल्या चौकटसारखा असतो. आठवीच्या मुलांना आलेखाच्या कागदावर हे सूत्र स्वतः शोधून काढता येईल.

पूर्वी उजेड ७ किंवा त्याहून कमी असेल तेथे राक्षस उपजू शकत. म्हणजे मशालीपासून ६ पावलांपर्यंतची, ८५ चौकटींची जागा सुरक्षित. ३० नोव्हेंबर २०२१ रोजी आलेल्या १.१८ या आवृत्तीत नियम बदलला. आता मशालीसारख्या कृत्रिम दिव्यांचा उजेड पूर्ण शून्य असेल तेथेच राक्षस उपजतात. त्यामुळे सुरक्षित अंतर १३ पावले झाले आणि चौकटी ३६५. एका रात्रीत प्रत्येक मशालीची मातबरी चौपटीहून अधिक वाढली!

येथे आमचा पहिला आक्षेप सुरू होतो. या जगाचे नियम पक्के आहेत, पण ते कोणीतरी केलेले आहेत आणि तो ते बदलू शकतो. निसर्गनियमांबाबत आपले आकलन बदलते. गुरुत्वाकर्षणाची नवी आवृत्ती निघत नाही. तसेच खऱ्या दिव्याची प्रदीप्ती अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते: दुप्पट अंतरावर चौथाई. खेळातला उजेड पायरीपायरीने उतरतो आणि कोपऱ्यावरून वळूनही जातो. संगणकाला हिशेब सोपा जावा म्हणून केलेली ही सोय आहे. सोय करण्यात गैर काही नाही, पण ती सोय आहे हे वर्गात कोणीतरी सांगितले पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सतराव्या शतकात व्हॅन हेल्माँट यांनी उंदीर तयार करण्याची एक कृती लिहून ठेवली होती: भांड्यात गहू घ्या, मळका सदरा कोंबा, २१ दिवस थांबा. माइनक्राफ्टमधल्या राक्षसाची कृती याच जातीची आहे: भरीव जमीन घ्या, वर मोकळी जागा ठेवा, उजेड काढून टाका, २४ ठोकळे दूर जा. निर्जीवातून जीव आपोआप उपजतो ही कल्पना खोडायला विज्ञानाला दोनशे वर्षे लागली. १६६८ साली फ्रान्सेस्को रेडी यांनी मांसाच्या काही बरण्यांवर जाळीदार कापड बांधले आणि माशा आत पोचल्या नाहीत तर मांसात अळ्याही होत नाहीत हे दाखवले. सूक्ष्मजीवांविषयी मात्र वाद चालूच राहिला. १८६० च्या सुमारास लुई पाश्चर यांच्या हंसमानेच्या चंबूंनी त्यालाही निर्णायक उत्तर दिले. खेळात ही हरलेली कल्पना निर्वेधपणे नांदते आहे.

गंमत अशी की त्याच जगात गाईंना वेगळा कायदा आहे. दोन गाईंना गहू चारला तर वासरू होते आणि वीस मिनिटांत मोठे होते. एकाच कुरणात दिवसा पुनरुत्पादन आणि रात्री स्वयंजनन! मुले हे दोन्ही नियम बिनतक्रार वापरतात. "गाईला आईबाप लागतात, मग झॉम्बीला का नाहीत?" हा प्रश्न विचारणारे मूल आम्हांला पन्नास राक्षस मारणाऱ्यापेक्षा मोलाचे वाटते.

तिसरा मुद्दा सत्तरच्या मर्यादेचा. वरवर पाहता ही परिसंस्थेची धारणक्षमता वाटेल. ती तशी नाही. खऱ्या कुरणात किती हरणे जगतील हे गवत, पाणी, रोग आणि शिकारी प्राणी यांवर ठरते. येथील सत्तरचा राक्षसांच्या खाण्यापिण्याशी संबंध नाही. संगणकावर ताण पडू नये आणि खेळ आटोक्यात राहावा यासाठी ती घातलेली मर्यादा आहे. तिचा परिणाम मात्र दूरवर पोचतो. एक राक्षस मारला की मर्यादेत एक जागा रिकामी होते आणि ती भरली जाते. जितके माराल तितके येतील.

जाणते खेळाडू याचा कारखाना करतात. उंचावर काळोख्या खोल्या बांधायच्या, उपजलेले राक्षस पाण्याच्या लोंढ्याने एका भोकाकडे ढकलायचे आणि २२ ठोकळे खाली पाडायचे. पडझडीची इजा मोजताना उंचीतून ३ वजा होतात. २० प्राणांक असलेल्या झॉम्बीचे १९ जातात, एक उरतो. मग एका बुक्कीत काम तमाम. उत्पादन वाढवण्यासाठी हे खेळाडू आसपासच्या गुहांत मशाली लावतात. कारण गुहेत उपजलेला प्रत्येक राक्षस त्या सत्तरांतली एक जागा अडवतो.

यामागचा विचार खरोखर बुद्धिमान आहे, आणि त्यात संभाव्यतेचा उत्तम धडा आहे. राक्षसाची जागा निवडताना संगणक जगाच्या तळापासून त्या जागेवरील सर्वांत उंच ठोकळ्याच्या वरपर्यंत कोणताही एक थर उचलतो. तळ उणे ६४ वर आहे. जमीन ६३ च्या उंचीवर असेल तर सुमारे १२८ थर झाले. त्याच जागी १९१ उंचीपर्यंत मनोरा चढवला तर थर २५६ होतात आणि प्रत्येक थराची निवड होण्याची शक्यता निम्मी होते. म्हणून उत्पन्नाचा विचार करणारा खेळाडू वर फार बांधत नाही. फाशांचे पृष्ठभाग वाढले की एक विशिष्ट दान पडणे कठीण होते, हे तो अनुभवाने शिकतो.

पण याच कारखान्यातून एक चुकीचा धडाही नकळत मिळतो: सजीव कितीही मारले तरी साठा संपत नाही. उत्तर अमेरिकेत प्रवासी कबुतरांचे थवे आभाळ झाकत असत, आणि ते कधी संपतील असे शिकाऱ्यांना वाटले नव्हते. त्यांतले अखेरचे पाखरू १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेले. त्या जागा कोणी भरल्या नाहीत, कारण नव्या कबुतराला जुनी कबुतरे लागतात. राक्षस हे राक्षस आहेत, प्राणी नव्हेत, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. परंतु संख्या कशी टिकते याचा रोज हाताळलेला नमुना मुलाच्या मनात हाच असेल, तर पर्यावरणाच्या तासाला नमुन्यांतला फरक उघड करून दाखवण्याचे काम शिक्षकाचेच.

मग खेळ वर्गाबाहेर ठेवावा काय? आमचे मत उलट आहे. पद्धत शिकवायला तो चांगला आहे, जीवशास्त्र शिकवायला नाही. वरच्या वर्गांसाठी एक प्रयोग सुचवतो. जमिनीखाली १० × १० च्या दोन सारख्या बंद खोल्या बांधाव्यात. एकीत सर्वत्र उजेड पोचेल अशा मशाली लावाव्यात, दुसरी काळोखी ठेवावी. खोल्यांपासून ३० ठोकळे दूर जाऊन पाच मिनिटे थांबावे, परत येऊन दोन्हींतले राक्षस मोजावेत, आणि हे दहा वेळा करावे. एखाद्या फेरीत काळोखी खोलीही रिकामी सापडेल. तेव्हा "नियम खोटा ठरला का?" यावर चर्चा घ्यावी.

त्यानंतर एका विद्यार्थ्याला काळोख्या खोलीतच पाच मिनिटे उभे राहायला सांगावे. त्याला तेथे एकही राक्षस उपजताना दिसणार नाही आणि अंधार निर्धोक असल्याचा निष्कर्ष तो काढील. त्याचे निरीक्षण बरोबर, निष्कर्ष चूक. कारण तो स्वतः २४ ठोकळ्यांच्या आत होता. निरीक्षकाच्या उपस्थितीने घटना बदलते हे प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्यांना नेहमी ध्यानात ठेवावे लागते. ते येथे पाच मिनिटांत समजते.

प्रयोग झाल्यावर मुलांना वहीत दोन रकाने आखायला सांगावेत: 'हे खेळात असे का?' आणि 'हे निसर्गात असे का?' पहिल्या रकान्यातले प्रत्येक उत्तर शेवटी कोणीतरी घेतलेल्या निर्णयाशी थांबेल. दुसरा रकाना भरताना प्रत्येक उत्तरातून पुढचा प्रश्न निघेल आणि लवकरच पान अपुरे पडेल. तेव्हा वहीची दोनचार कोरी पाने आधीच राखून ठेवावीत.