लग्नानंतरचं पान

आता बघा, लॉरा इंगल्स वाइल्डर यांच्या हयातीत ‘लिटल हाउस’ मालिका थांबली ती लग्नापाशी. आल्मान्झोबरोबरचा शेतीतला संसार वाचकांपुढे आला ‘द फर्स्ट फोर इयर्स’मधून, १९७१ साली, लेखिका जाऊन १४ वर्षं झाली होती. डाकोटातला दुष्काळ, घटसर्पानंतर अधू झालेला नवरा, १८८९मध्ये गेलेलं तान्हं बाळ, जळालेलं घर. आणि घरावरचं ५०० डॉलरचं कर्ज, जे नवऱ्यानं लग्नाआधी सांगितलंच नव्हतं! खर्डा कच्चा आहे, मान्य. मालिकेचा गोडवा त्यात नाही. लेक रोझ हिनं मालिकेच्या हस्तलिखितांवर हात फिरवला होता, यावर नाही. मला विचाराल तर बरंच झालं. १८९४ला मिसुरीत घेतलेली ४० एकर जमीन पुढं विसाव्या शतकात भरभराटली. तिच्यामागची पडझड इथंच वाचायला मिळते.