पाटील : एका आडनावाचं रसग्रहण

लासूर स्टेशनच्या मोंढ्यात माल घेऊन आलेल्या शेतकऱ्याला व्यापारी म्हणतो, ‘या पाटील, बसा.’ शेतकरी जाधव असेल, पवार असेल. आधी मान द्यायचा, मग भावाचं बोलायचं, ही गंगापूर-वैजापूरकडची रीत. पद, मान आणि आडनाव ‘पाटील’मध्ये एकत्र नांदतात. जर्मनीतलं ‘शुल्त्स’ही याच जातकुळीचं, गावप्रमुखाच्या पदावरून आलेलं, स्नूपीचे जनक चार्ल्स शुल्त्स त्यातलेच.

पाटीलकी म्हणजे वतन. सारा वसूल करायचा, तंटे मिटवायचे, आणि हा अधिकार बापाकडून लेकाकडे जायचा. 1962च्या कायद्याने महाराष्ट्रात महसुली पाटलाचं पद गेलं, आडनाव राहिलं. त्यात रस भरला तो ते लावणाऱ्या माणसांनी.

भाऊराव पाटलांनी 1919 साली काले गावी शिक्षणसंस्था काढली, तिला नाव दिलं ‘रयत’. ज्या रयतेकडून पाटलाने वसूल करायचं, तिच्याच पोरांच्या ताटात या पाटलाने घातलं. वसतिगृहातल्या मुलांसाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने उतरवून दिले. वसुलीचा ओघच इथे उलटा फिरला.

नाना पाटील आधी तलाठी, म्हणजे सरकारी दप्तराचेच माणूस. 1930 साली त्यांनी नोकरी सोडली आणि 1943 पासून त्यांच्या नेतृत्वाखाली साताऱ्यात इंग्रजांना समांतर प्रतिसरकार उभं राहिलं. गावचे तंटे गावातच मिटू लागले, सावकारांना जरब बसली. पाटीलकीतला न्यायनिवाडा त्यांनी ठेवला आणि त्यामागची इंग्रजांची सत्ता झुगारली. 1967 साली बीडने, आपल्या मराठवाड्याने, त्यांना लोकसभेवर पाठवलं.

मला सर्वांत भावतो तो अभिनेत्री स्मिता पाटील यांच्या नावातला ‘पाटील’. गावगाड्यात पाटलाची बायको ‘पाटलीण’. तिचा मान नवऱ्याच्या पदाचा. स्मिताने हे आडनाव स्वतःच्या कर्तृत्वावर मिरवलं. जब्बार पटेलांच्या ‘उंबरठा’त तिची सुलभा, खानदानी घरची सून, घरच्यांचा विरोध पत्करून महिलाश्रमाची अधीक्षक होते. ही स्वतःची हिंमत आहे, वारशाने मिळत नाही. 2007 साली प्रतिभा पाटील राष्ट्रपती झाल्या, तेव्हा देशाच्या सर्वोच्च पदावर हे आडनाव एका बाईमुळे पोचलं.

आज गावात पोलीस पाटील नेमला जातो तो 1967च्या कायद्यानुसार. अर्ज करायचा, पात्रता सिद्ध करायची. त्या खुर्चीत आता बायाही बसतात, आणि पंचनाम्यावर सही करताना नावाखाली ‘पोलीस पाटील’ असंच लिहितात.