'वर्धन' आणि 'सामर्थ्य' : एका परिभाषेची चिकित्सा

चिखलदरा या नावाचा संबंध लोकपरंपरा कीचकवधाशी जोडते. 'कीचकदरा' हे त्याचे मूळ रूप होय, असे सांगितले जाते. ही व्युत्पत्ती ध्वनिनियमांच्या कसोटीस उतरो वा न उतरो, तिच्यामागील कथा अर्थविचारास उपयोगी आहे. विराटपर्वात देहबळाने उन्मत्त झालेला कीचक मारला जातो आणि क्लीबवेषातील अर्जुन गोग्रहणप्रसंगी कौरवसेनेस परतवितो. आकार, कामसामर्थ्य आणि पराक्रम या तीन भिन्न गोष्टी होत, हे त्या कथेस ठाऊक आहे. लिंगवर्धनाच्या शस्त्रक्रियेविषयी आज जी भाषा योजिली जाते, तिला मात्र याचा विसर पडलेला दिसतो.

प्रथम 'वर्धन' हाच शब्द घेऊ. 'वृध्' धातूत आकाराची वाढ आणि उत्कर्ष हे दोन्ही अर्थ नांदतात. त्यामुळे ऐकणारा पहिल्यावरून दुसऱ्याकडे नकळत सरकतो. हा मोह प्राचीन आहे. कामसूत्राच्या सातव्या अधिकरणात वर्धनाचे योग सांगितले आहेत. उलट सुश्रुताने निदानस्थानाच्या चौदाव्या अध्यायात, वृद्धीच्या इच्छेने शूकादिकांचे लेप लावणाऱ्यांस होणारे 18 व्याधी गणले आहेत. एकाने हेतूचे नाव दिले, दुसऱ्याने परिणामांची.

आधुनिक शस्त्रक्रियेतही हाच भेद पाहावयास हवा. लांबीसाठी लिंगास जघनास्थीशी जोडणारा बंध छेदला जातो. त्यामुळे शिथिल अवस्थेत बाहेर दिसणारा भाग काहीसा वाढतो. उत्थित अवस्थेतील लांबीत मात्र भरवशाची वाढ होत नाही. हा बंधच उत्थित लिंगास दिशा व स्थैर्य देतो. तो तुटल्यावर उत्थानाचा कोन खाली येतो, अस्थिरता जाणवते. व्रण आकसल्यास लांबी घटूही शकते. जाडीसाठी भरलेला मेद शोषला जातो किंवा त्याच्या गाठी होतात. मज्जातंतूंस इजा झाल्यास संवेदना मंदावते. उत्थान ही मूलतः रक्ताभिसरणाची क्रिया आहे : रक्तवाहिन्या सैलावतात, कोशिकामय स्तंभांत रक्त भरते आणि तेथेच कोंडले जाते. बंधच्छेदाने वा मेदाने या क्रियेत काहीही भर पडत नाही. हानीचा संभव मात्र राहतो. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनने 1994 साली या दोन्ही उपायांची सुरक्षितता व परिणामकारकता सिद्ध झालेली नाही, अशी भूमिका घेतली. सारांश, 'वर्धन' म्हणून जे दिले जाते ते फार तर विश्रांतावस्थेतील दर्शन होय.

दुसरा शब्द 'नपुंसकत्व'. व्याकरणात नपुंसकलिंग हा केवळ एक वर्ग आहे. त्यात न्यूनता नाही. मेळघाटातील कोरकू भाषा तर नामांची मुख्य विभागणी सचेतन व अचेतन अशीच करते. परंतु हाच शब्द रोग्यास लावताच तो संपूर्ण व्यक्तीवरील निवाडा ठरतो. इंग्रजीतील तत्सम शब्द टाकून केवळ क्रियेतील दोष दर्शविणारी संज्ञा वापरावी, अशी शिफारस अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेने 1992 मध्ये केली. मराठीत 'उत्थानदोष' हा शब्द ते कार्य करू शकतो.

मराठीस ही स्पष्टता परकी नाही. र. धों. कर्वे यांनी 1927 पासून 1953 पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवून हे विषय आडपडद्याविना मांडले. 1934 च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. कामशक्ती वाढविण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींस 1954 च्या कायद्याने बंदी आहे. पण शब्दांतून होणारी फसवणूक कायद्याच्या कक्षेत सहसा येत नाही. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे 15,500 पुरुषांच्या मापनांच्या संकलनात उत्थित लांबीची सरासरी 13.12 सेंटिमीटर आढळली. शल्यगृहाकडे वळणाऱ्या बहुतेकांचे माप प्राकृतच असते; विकृत असते ती त्यांना मिळालेली तुलना.

म्हणून परिभाषाकारांनी या क्रियांस 'बंधच्छेदन' व 'मेदभरण' अशी नावे द्यावीत. जे केले जाते त्याचे नाव असावे, जे इच्छिले जाते त्याचे नव्हे. रोग्याची संमती शब्दांवरच उभी असते. शब्द सदोष असतील, तर ती संमतीही सदोषच ठरेल.