पाहुणे, पाणी आणि धिरडं

बँकेतल्या कारकुनाने समीक्षा लिहू नये, असा काही रिझर्व्ह बँकेचा आदेश नाही. निदान तसं परिपत्रक अजून माझ्या टेबलावर आलेलं नाही. आता, मी पडलो बी. कॉम.; वाङ्मयाशी माझा संबंध 'उपरोक्त विषयास अनुसरून' एवढ्यापुरताच. पण गेली वीस वर्षं मी लोकांच्या सह्या पडताळतो आहे. खरी कोणती, खोटी कोणती आणि खरी असूनही खोटी वाटणारी कोणती, हे चष्मा कपाळावर सरकवून ओळखायचं, हा आमचा धंदा. समीक्षक तरी याहून वेगळं काय करतात?

तेव्हा आज मी एका उपेक्षित वाङ्मयप्रकाराची समीक्षा करायला बसलो आहे. हा प्रकार म्हणजे उडत्या तबकड्यांच्या हकिकती. कादंबरीला निवांतपणा लागतो. ही हकिकत दादरला उघडली की घाटकोपरला संपते, आणि मधे कुणी पायावर पाय दिला तरी रसभंग होत नाही. अशा हकिकती मी शेकड्यांनी वाचल्या आहेत.

या प्रकाराचं नेपथ्य ठरलेलं आहे. स्थळ, गावाबाहेरचं शेत. वेळ, तिन्हीसांजेची किंवा भल्या पहाटेची. पात्रं, एक शेतकरी आणि एक कुत्रं. कुत्रं आधी भुंकतं आणि मग शेपूट घालून खाटेखाली जातं. जवळ मोटार असली तर ती बंद पडते. मग उजेड होतो, तबकडी उतरते, दार उघडतं आणि बुटकी माणसं बाहेर येतात.

"ही मंडळी नेहमी खेड्यातच का उतरतात? मुंबईत का नाही?" असं मी एकदा घरी मोठ्यांदा विचारलं.

"इथे जागा कुठे आहे?" भाजी निवडता निवडता सौ. म्हणाली.

एवढी नेमकी समीक्षा मला आजवर जमलेली नाही.

आता या वाङ्मयाचा इतिहास. 24 जून 1947 रोजी अमेरिकेत केनेथ आर्नल्ड नावाच्या वैमानिकाला माउंट रेनिअर पर्वताजवळ नऊ चकचकीत वस्तू वेगाने जाताना दिसल्या. पाण्यावर बशी भिरकावली तर ती जशी टप्पे घेत जाते तशी त्यांची चाल होती, असं तो म्हणाला. चाल बशीसारखी, आकार नव्हे. पण वर्तमानपत्रवाल्यांनी बशी तेवढी उचलली आणि 'उडती बशी' छापून मोकळे झाले. आणि गंमत पाहा, त्यानंतर जो तो बशाच पाहू लागला! आमच्याकडे खातेदाराचं नाव एकदा चुकीचं टंकलं गेलं की पासबुकापासून चेकबुकापर्यंत तेच चालतं आणि शेवटी बिचारा खातेदारच सही बदलून घेतो, त्यातलाच हा प्रकार.

पण 1947 च्या आधीचीही एक हकिकत आहे आणि तिच्याविषयी मला व्यवसायबंधुत्वामुळे विशेष जिव्हाळा आहे. एप्रिल 1897. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातला अलेक्झांडर हॅमिल्टन हा प्रतिष्ठित शेतकरी. त्याने जाहीर केलं की, रात्री एक प्रचंड हवाई जहाज माझ्या गोठ्यावर आलं, त्यात सहा विचित्र जीव बसले होते, आणि त्यांनी दोराने बांधून माझी कालवड उचलून नेली. दुसऱ्या दिवशी लांबच्या एका शेतात तिचं कातडं, डोकं आणि पाय तेवढे सापडले. सोबत प्रतिज्ञापत्र! हॅमिल्टन हा सचोटीचा माणूस आहे, असं गावच्या बड्या मंडळींनी त्यावर सह्या करून लिहून दिलं. सह्या करणाऱ्यांत शेरीफ होता, पोस्टमास्तर होता, औषधवाले होते आणि एक बँकरही होता.

तिथे मी थबकलो. बँकरची सही! पूर्वी आमच्याकडे नवं खातं उघडताना जुन्या खातेदाराची ओळखीची सही लागायची. ती सही एवढंच सांगते की, या माणसाला मी ओळखतो. तो उद्या कर्ज बुडवणार नाही, असं ती सांगत नाही. कॅन्ससच्या त्या बँकरनेही माणसाची ओळख दिली होती, कालवडीची नव्हे. पण वाचणाऱ्यांनी कालवडसुद्धा जमेला धरली. पुढे जवळजवळ ऐंशी वर्षं ही हकिकत तबकडीच्या ग्रंथांतून मानाने मिरवली. मग 1970 नंतरच्या दशकात शोध लागला की, त्या गावात थापा मारणाऱ्यांचं एक मंडळच होतं आणि हॅमिल्टन त्याचा सभासद. सह्या अस्सल, कागद अस्सल, शिक्का अस्सल. फक्त व्यवहार झालेला नव्हता. असं व्हाउचर आमच्या खात्यात सापडलं तर चौकशी बसते.

पात्ररचना ही या वाङ्मयाची सगळ्यात लंगडी बाजू. कोट्यवधी मैल तुडवून आलेला पाहुणा एक तर गप्प असतो, नाही तर प्रवचन करतो. जॉर्ज ॲडॅम्स्की या गृहस्थांना 20 नोव्हेंबर 1952 रोजी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात शुक्रावरचा एक देखणा, लांब केसांचा रहिवासी भेटला, आणि अणुबाँबचा नाद बरा नव्हे असा उपदेश त्याने हातवाऱ्यांनी केला. उपदेश चांगलाच आहे. पण शुक्राच्या पृष्ठभागावर साडेचारशे अंश सेल्सिअसच्या वर तापमान असतं, हे पुढे यानांनी मोजलं. तिथला माणूस कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात स्वेटर घालून हिंडायला हवा होता.

या सगळ्या रुक्ष पसाऱ्यात माझ्या मते एकच कृती अभिजात आहे. स्थळ, ईगल रिव्हर, विस्कॉन्सिन. तारीख 18 एप्रिल 1961. जो सायमन्टन हा कोंबड्या पाळणारा साधा माणूस. सकाळी अकराच्या सुमाराला आवाज झाला म्हणून त्याने बाहेर पाहिलं, तर अंगणात चकाकती तबकडी. आत तीन माणसं. एकाने दोन कानांचा तांब्यासारखा जग पुढे केला आणि पिण्याची खूण केली. सायमन्टनने घरात जाऊन तो भरून आणला. तोवर आतला एक जण जाळ नसलेल्या शेगडीवर काहीतरी भाजत होता. सायमन्टनने 'हे काय?' अशी खूण केली, तर त्याच्या हातावर गरम गरम धिरडी आली. दार मिटलं, तबकडी उडाली.

यात अणुबाँब नाही, विश्वशांती नाही, कालवडीची हत्या नाही. तहानलेल्याने पाणी मागितलं, यजमानाने दिलं, आणि रिकामा हात बरा दिसत नाही म्हणून पाहुण्याने घरातलं काहीतरी दिलं. आपल्याकडे शेजारणीची वाटी रिकामी परत पाठवत नाहीत, तसं. जमा आणि खर्च दोन्ही बाजू तिथल्या तिथे जुळल्या. चवीबद्दल विचाराल तर सायमन्टनने एक खाऊन पाहिलं आणि पुठ्ठ्यासारखं लागलं म्हणून प्रामाणिकपणे सांगितलं. थापाड्या असता तर 'अमृत' म्हणाला असता.

पुढे अमेरिकेच्या हवाई दलाने एक धिरडं सरकारी प्रयोगशाळेत पाठवलं. अहवाल आला: चरबी, पिष्ट, कुट्टूची टरफलं, सोयाबीनची टरफलं, गव्हाचा कोंडा. थोडक्यात, या पृथ्वीवरचं सामान्य धिरडं. म्हणजे तबकडीवाले वाटेत वाणसामान भरून आले होते, किंवा सायमन्टनच्या डोक्यात आणि तव्यावर एकाच वेळी काहीतरी गडबड झाली होती. जागेपणी पडलेलं ते स्वप्न असावं, असं हवाई दलाच्या लोकांचं मत पडलं. मीही अहवालाच्या बाजूचा आहे. धिरडं पृथ्वीवरचं, तेव्हा तबकडी बाद.

पण हकिकतीचं शेवटचं पान मला हसू देत नाही. वार्ताहरांच्या आणि बघ्यांच्या गर्दीने सायमन्टनचे कामाचे तीन आठवडे बुडाले. पुन्हा असं घडलं तर मी बहुधा कुणाला सांगणार नाही, असं तो म्हणाला.

केंटकीतल्या केली गावच्या सटन कुटुंबाचंही तेच. 21 ऑगस्ट 1955 च्या रात्री मोठ्या कानांचे, चमकत्या डोळ्यांचे बुटके जीव खिडकीशी आले म्हणून त्यांनी बंदुका झाडल्या आणि शेवटी मुलाबाळांना मोटारीत कोंबून पोलीस ठाणं गाठलं. पोलिसांना जाळीला पडलेली भोकं दिसली, बुटके दिसले नाहीत. ती मोठी शृंगी घुबडं असावीत, हे स्पष्टीकरण मला पटतं. पण घुबडाला भिऊन रात्री लेकरं उचलून पळणारा माणूस नाटक करत नसतो. त्यांनी सांगितलेले जीव रुपेरी होते. वर्तमानपत्रांनी त्यांना हिरवं करून टाकलं. बघ्यांची जत्रा लोटली. वैतागून त्यांनी प्रवेश फी लावली, तर लोक म्हणाले, 'बघा, पैशासाठीच होतं सगळं!' पुढे कित्येक वर्षांनी गावात 'छोट्या हिरव्या माणसांचा' उत्सवही भरू लागला. रंग अर्थात वर्तमानपत्राचा.

आम्ही रोजकीर्दीत प्रत्येक रकमेपुढे तपशील लिहितो. रक्कम बरोबर असून तपशील चुकू शकतो. अशा वेळी तपशील दुरुस्त करतात, रक्कम भरणाऱ्याला चोर म्हणत नाहीत. या शेतकऱ्यांपैकी बहुतेकांनी काहीतरी खरोखर पाहिलेलं असतं. तपशील मात्र वर्तमानपत्रातून उसना आलेला असतो. आपण शिकलेली माणसं दोन्ही एकदम खोडून टाकतो.

आणि कधी कधी तपशीलही बरोबर असतो. 2 एप्रिल 2022, गुढीपाडव्याची संध्याकाळ. चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरी गावच्या लोकांनी सांगितलं की, आभाळातून जळतं काहीतरी पडलं. ते खरंच पडलं होतं. सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं! इस्रोची माणसं येऊन पाहून गेली. चिनी रॉकेटचा तो अवशेष असल्याचं जाणकारांचं मत पडलं. कडं भलंमोठं होतं म्हणून बरं. वाटीएवढं असतं तर त्या लोकांची काय गत झाली असती, याची मला कल्पना आहे.

कल्पना आहे म्हणजे अनुभव आहे. मी एका खेड्यातल्या शाखेत असतानाची गोष्ट. तिथला शिपाई वयाने मोठा, सगळे त्याला मामा म्हणत. एका संध्याकाळी मामाला मागे बसवून मी मोटारसायकलवरून तालुक्याला निघालो होतो. टेकडीच्या वर एक लखलखीत उजेड. आम्ही चाललो की तो चालायचा, थांबलो की थांबायचा.

"सायेब, हे काय इपरित?" मामा म्हणाला. आम्ही दोघं उतरून बघत राहिलो. हळूहळू तो उजेड टेकडीमागे गेला. "उतरलं!" मामा पुटपुटला. खोटं कशाला सांगू, माझेही पाय लटपटत होते.

दुसऱ्या दिवशी मामाने शाखेत सांगितलं. सगळे हसले. मॅनेजरसाहेबांनी मला विचारलं, "तुम्ही होतात ना बरोबर?"

"मी रस्त्याकडे बघत होतो, साहेब," मी म्हणालो.

माझं प्रमोशन तोंडावर होतं. मामा माझ्याकडे नुसता बघत राहिला. त्या दिवसापासून त्याचं नाव 'तबकडीमामा' पडलं. मी मुकाट्याने पंचांग उघडून पाहिलं, तो शुक्र होता. सूर्यास्तानंतर पश्चिमेला असा उतरतच असतो. पण ते मामाला सांगायचं तर मीही पाहिलं होतं, हे कबूल करावं लागलं असतं.

सहा महिन्यांनी शाखेच्या मागच्या भिंतीला रात्री कुणीतरी भोक पाडायला घेतलं. गुरखा जागा होता म्हणून निभावलं. चौकशीत कळलं की, आदल्या संध्याकाळी दोन अनोळखी माणसं ती भिंत चाचपताना मामाने पाहिली होती.

"मग सांगितलं का नाही?" साहेब कडाडले.

"म्हटलं, पुन्हा हसतील."

मामा रिटायर झाला. माझं प्रमोशनही त्या वर्षी झालं नाही, हा भाग वेगळा. आता कुणी म्हातारा खातेदार काउंटरवर येऊन सांगतो, "सायेब, मशिनीनं पैसं दिलं न्हाईत, पर खात्यातून गेलं." शेजारचे हसू लागतात. मी आधी कागद ओढतो आणि तारीख, वेळ, रक्कम, तो सांगेल तसं लिहून घेतो. तपशील काय तो मागाहून तपासू.

धिरडं घेऊन अजून कुणी आलेलं नाही. आलं तर आधी पावती देईन, मग चव बघेन.